आठव्या ट्रेच्या खाली: मिथेनॉल-पाणी कॉलमच्या ट्रे-कार्यक्षमतेचे एक प्रकरण

कोकणातल्या एका रासायनिक औद्योगिक वसाहतीतील औषधी मध्यवर्ती रसायनांच्या कारखान्यात वापरून झालेले मिथेनॉल पाण्यापासून वेगळे करण्यासाठी एक सततचालू ऊर्ध्वपातन कॉलम आहे. वाफेचा खर्च का वाढला हे शोधण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा हाती दिलेल्या टिपणात निदान आधीच लिहिलेले होते: ‘ट्रे-कार्यक्षमता घटली आहे, सर्व ट्रे बदलावेत.’ या वाक्याचा पहिला भाग खरा होता, पण त्यातून दुसरा भाग निघत नव्हता. कार्यक्षमता घटली असे म्हणणे म्हणजे ताप आला आहे असे म्हणण्यासारखे आहे. ताप कशाचा, हे त्यात सांगितलेले नसते. या प्रकरणात ते कसे शोधले, हे आकड्यांसह पुढे मांडले आहे. सर्व आकडे वाचनाच्या सोयीसाठी थोडे ढोबळ केले आहेत.

कॉलम आणि त्याची मूळ रचना

कॉलमचा व्यास १ मीटर असून आत ३२ छिद्रयुक्त ट्रे, म्हणजे सीव्ह ट्रे, आहेत; या आडव्या पत्र्यांवर खाली येणारा द्रव आणि वर जाणारी वाफ एकमेकांना भेटतात. ट्रेंची मोजणी खालून वर केली जाते आणि फीड, म्हणजे वेगळे करायचे मिश्रण, आठव्या ट्रेवर येते. फीडमध्ये मोलच्या हिशेबाने ४० टक्के, म्हणजे वजनाने सुमारे ५४ टक्के मिथेनॉल असते. वरून वजनाने ९९.४ टक्के शुद्धतेचे मिथेनॉल मिळावे आणि तळातून सांडपाण्याकडे जाणाऱ्या पाण्यात ते वजनाने १.८ टक्क्यांहून अधिक राहू नये, ही अट आहे. मोलमध्ये हेच आकडे ९९ आणि १ टक्का होतात. पूर्ण भाराला फीड ताशी १०० किलोमोल, म्हणजे २,३६० किलो, आणि रिफ्लक्स गुणोत्तर, म्हणजे माथ्यावर निवलेल्या द्रवापैकी कॉलममध्ये परत सोडलेला भाग भागिले माल म्हणून बाहेर काढलेला भाग, १.२ धरलेले होते.

मिथेनॉल आणि पाणी यांचा वाफ-द्रव समतोल पाठ्यपुस्तकांत पूर्ण दिलेला आहे आणि या जोडीत इथेनॉलसारखा स्थिरक्वाथी बिंदू, म्हणजे जिथे वाफ आणि द्रव यांची घडण सारखीच होऊन वेगळे करणे थांबते तो बिंदू, आड येत नाही, त्यामुळे मॅकेब आणि थील यांच्या १९२५ च्या आलेख-पद्धतीने हिशेब सरळ करता येतो. या अटींना किमान रिफ्लक्स गुणोत्तर सुमारे ०.८ येते. १.२ वर आलेखावरच्या पायऱ्या मोजल्या की (एक पायरी म्हणजे एक आदर्श ट्रे) रिबॉयलर, म्हणजे तळाचा द्रव उकळणारे उपकरण, वगळून जवळपास १४ आदर्श ट्रे लागतात. आदर्श ट्रे म्हणजे ज्याच्यावरून निघणारी वाफ आणि त्याच्यावरून निघणारा द्रव यांच्यात पूर्ण समतोल झालेला आहे, असा कल्पनेतला ट्रे. प्रत्यक्षात वाफेला ट्रेवरच्या फेसाळ थरातून जायला क्षणार्धच मिळतो आणि समतोल अपुरा राहतो, म्हणून ट्रे अधिक लागतात. १४ आदर्श ट्रेंच्या जागी ३२ खरे ट्रे म्हणजे संपूर्ण कॉलमची कार्यक्षमता ४४ टक्के.

हा ४४ चा आकडा रचनाकाराने कुठून आणला असेल, ते आधी तपासले. ओकॉनेल यांनी १९४६ मध्ये अनेक चालू कॉलमांच्या मोजमापांवरून एक आलेख मांडला होता. त्यात सापेक्ष बाष्पशीलता (एका घटकाची दुसऱ्यापेक्षा किती सहज वाफ होते याचे माप) आणि द्रवाची स्निग्धता यांचा गुणाकार जितका मोठा, तितकी कार्यक्षमता कमी दिसते. मिथेनॉल-पाण्याची सापेक्ष बाष्पशीलता वरच्या टोकाला सुमारे २.४ आणि तळाला ७.६ च्या आसपास असते. दोन्हींचा भूमितीय मध्य ४.३. कॉलममधल्या तापमानाला द्रवाची स्निग्धता सुमारे ०.३५ सेंटिपॉइज धरली तर गुणाकार १.५ होतो आणि आलेख ४४ ते ४५ टक्के देतो. म्हणजे रचना उगाच सैल किंवा अवाजवी आशावादी नव्हती.

तक्रार काय होती

कारखान्यातली एक उत्पादनशृंखला बंद झाल्यानंतर फीड ६० टक्क्यांवर आले होते. त्याच सुमारास वार्षिक देखभालीसाठी कॉलम बंद करून पुन्हा सुरू केलेला होता. त्यानंतर तळाच्या पाण्यात मिथेनॉल वाढू लागले. पाळीतल्या ऑपरेटरांनी प्रयत्नपूर्वक रिबॉयलरची वाफ आणि रिफ्लक्स दोन्ही वाढवून शुद्धता परत अटीत आणली. शुद्धता टिकली, पण दर किलो मिथेनॉलमागे लागणारी वाफ १.३ किलोवरून १.५५ किलोवर गेली. ताशी साधारण ७६० किलो मिथेनॉल निघत असताना ही वाढ दिवसाला चार टनांहून अधिक वाफेची होते.

टिपणातला हिशेब असा होता: नोंदवहीप्रमाणे रिफ्लक्स गुणोत्तर १.३७, त्या गुणोत्तराला या शुद्धतेसाठी सुमारे १२ आदर्श ट्रे पुरतात, म्हणून कार्यक्षमता ३८ टक्के. कारण म्हणून ‘ट्रेवर साका बसला असावा’ असे पुढे लिहिलेले होते. साक्याची शंका मला सुरुवातीपासून पटेना. छिद्रे साक्याने बुजली तर वाफेला वाट कमी मिळते आणि कॉलमचा दाबफरक, म्हणजे तळ आणि माथा यांच्या दाबांतला फरक, वाढतो. इथे उलटे होते. बरीच वर्षे हा कॉलम चालवलेल्या एका ज्येष्ठ ऑपरेटरांनी मला समाधानाने सांगितले, “साहेब, कॉलम अगदी मोकळा आहे, डीपी कधी नव्हे इतका कमी आहे.” डीपी म्हणजे हाच दाबफरक. त्यांचे निरीक्षण बिनचूक होते. मला मात्र त्याच वाक्याची काळजी वाटली, कारण सीव्ह ट्रेवर द्रव धरून ठेवण्याचे काम खालून येणाऱ्या वाफेच्या दाबाचे असते, आणि दाबफरक अपेक्षेपेक्षा कमी असेल तर वाफेला किंवा द्रवाला कुठेतरी आडवाट मिळाली आहे.

आधी मोजमाप शुद्ध केले

कार्यक्षमता हा मोजलेला आकडा नसून मोजलेल्या आकड्यांवरून काढलेला आकडा आहे. मोजमापातली प्रत्येक चूक त्यात उतरते. म्हणून पहिले दोन दिवस कॉलमला हात न लावता फक्त ताळेबंद जुळवला.

मिथेनॉलचा ताळेबंद जुळला. तळाच्या आणि वरच्या नमुन्यांचे विश्लेषण गॅस क्रोमॅटोग्राफने आणि वरच्या मालातले पाणी कार्ल फिशर पद्धतीने दोनदा तपासले, त्यातही खोट नव्हती. उष्णतेचा ताळेबंद मात्र जुळत नव्हता. रिबॉयलरला दिलेल्या वाफेच्या मानाने कंडेन्सरमध्ये निवणारे मिथेनॉल कमी दिसत होते. तफावतीचे कारण रिफ्लक्सच्या रोटामीटरमध्ये, म्हणजे तरंगकाच्या उंचीवरून प्रवाह दाखवणाऱ्या मापकात, सापडले. ते उपकरण पाण्यासाठी आखलेले होते आणि त्यातून वाहत होते मिथेनॉल. कोमट मिथेनॉलची घनता पाण्याच्या सुमारे तीन चतुर्थांश असते; स्टीलचा तरंगक त्याच उंचीवर उचलायला हलक्या द्रवाचा प्रवाह अधिक लागतो. दुरुस्तीचा गुणक १.१७ आला. नोंदवहीतले १.३७ हे गुणोत्तर प्रत्यक्षात १.६ होते. दुरुस्तीनंतर उष्णतेचा ताळेबंदही बसला.

याने प्रश्न अधिक गंभीर झाला. १.६ रिफ्लक्सला या शुद्धतेसाठी सुमारे ११ आदर्श ट्रे पुरतात, म्हणजे कार्यक्षमता ३८ नव्हे तर ३४ टक्के. अधिक रिफ्लक्स देऊनही तेवढीच शुद्धता मिळत असेल, तर ट्रे आपल्याला वाटते त्याहून वाईट काम करत आहेत. हे उपकरण कित्येक वर्षे असेच वाचले जात होते, आणि त्यावरून काढलेले सगळे जुने आकडे एकाच दिशेने चुकलेले होते, ही गोष्ट मला आजही खटकते.

एक आकडा बत्तीस ट्रेंबद्दल काय सांगतो

३४ टक्के हा आकडा सगळ्या कॉलमचा मिळून आहे. बत्तीसही ट्रे सारखेच ढिले पडले असतील तरी तो ३४ येईल, आणि चोवीस ट्रे उत्तम असून आठ निकामी असतील तरी त्याच्याच जवळपास येईल. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि खर्चही वेगळा आहे. म्हणून कॉलमचे दोन भाग पाडणे आवश्यक होते: फीडच्या वरचे चोवीस ट्रे, जिथे मिथेनॉल शुद्ध होते, आणि फीड-ट्रेसह खालचे आठ ट्रे, जिथे पाण्यातून मिथेनॉल काढून घेतले जाते.

इथे मर्फ्री यांच्या कार्यक्षमतेचा उल्लेख करायला हवा. त्यांनी १९२५ मध्ये एकेका ट्रेसाठी व्याख्या दिली: वाफेत प्रत्यक्ष झालेला बदल भागिले समतोल झाला असता तर झालेला बदल. ती संपूर्ण कॉलमच्या कार्यक्षमतेशी एकरूप नाही. दोन्हींमधले नाते लुईस यांच्या १९३६ च्या कामापासून माहीत आहे आणि ते समतोल-रेषेचा उतार व वाफ-द्रव प्रमाण यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. आमच्या कॉलममध्ये हा गुणाकार अगदी वर ०.७६ च्या आसपास आहे आणि अगदी तळाला ४.५ च्या आसपास. समजा, दोन्हीकडच्या ट्रेची मर्फ्री कार्यक्षमता ६० टक्के आहे. तर पायऱ्यांच्या हिशेबात वरच्या टोकाला ती ५७ टक्के दिसेल आणि तळाला ७५ टक्के. शिवाय तळाशी गुणाकार मोठा असल्याने द्रवाच्या बाजूचा अडथळा अधिक जाणवतो आणि मर्फ्री कार्यक्षमता स्वतःच खाली येते. तेव्हा ‘ट्रेची कार्यक्षमता इतकी’ हे वाक्य, कोणती कार्यक्षमता आणि कॉलमच्या कोणत्या उंचीवर, हे सांगितल्याशिवाय अपुरे आहे. आमच्या कामासाठी मी विभागवार एकूण कार्यक्षमताच वापरली, कारण प्रत्येक ट्रेवरून वाफेचा नमुना घेण्याची सोय नव्हती आणि असलेल्या मोजमापापेक्षा सूक्ष्म आकडा काढण्यात अर्थ नव्हता.

विभाग पाडायला एकच जादा नमुना लागला. फीड-ट्रेवर नमुन्याचा एक जुना, बंद ठेवलेला व्हॉल्व्ह होता. परवाना काढून, थंड करणारी वेटोळी नळी जोडून त्यातून द्रव घेतला. रचनेनुसार तिथे मोलने सुमारे ३९ टक्के मिथेनॉल असायला हवे होते. नमुन्यात १७ टक्के निघाले.

या एका नमुन्याने चित्र पालटले. वरून ९९ टक्क्यांपासून पायऱ्या मोजत १७ टक्क्यांपर्यंत उतरायला १.६ रिफ्लक्सला साडेदहा आदर्श ट्रे लागतात; चोवीस ट्रेंनी ते दिले, म्हणजे वरच्या विभागाची कार्यक्षमता ४४ टक्के, जशी असायला हवी तशीच. उरलेला प्रवास, १७ टक्क्यांपासून तळाच्या १ टक्क्यापर्यंत, एक आदर्श ट्रे आणि रिबॉयलर मिळून संपतो. आठ खऱ्या ट्रेंनी मिळून फक्त एका आदर्श ट्रेचे काम केले होते: बारा टक्के. खालचा भाग दुबळा झाला, म्हणून ऑपरेटरांनी वाफ वाढवली; वाढलेल्या वाफेने मिथेनॉल वर ढकलले आणि फीड-ट्रेवर ते विरळ झाले; मग वरच्या भागाला जास्त काम करावे लागले आणि त्यासाठी रिफ्लक्स वाढवावा लागला. सगळे बत्तीस ट्रे बदलण्याचा प्रस्ताव निरोगी असलेल्या चोवीस ट्रेंवर खर्च करायला निघाला होता.

तापमानाची रेषा

आठव्या ट्रेच्या खाली नक्की काय झाले, यासाठी तापमान पाहिले. कॉलमवर कायमचे तापमापक तीनच होते: माथ्यावर, फीडजवळ आणि तळाला. बाकीच्या जागी, प्रत्येक ट्रेच्या पातळीला, उष्णतारोधकाच्या आवरणात लहान खिडकी कापून पृष्ठतापमापकाने पत्र्याचे तापमान घेतले. ही पद्धत दोन-एक अंशांनी चुकू शकते, पण आम्हाला अंश नव्हे तर उतार पाहायचा होता. प्रत्येक वाचन त्या उंचीवरच्या दाबाची दुरुस्ती करून वातावरणीय दाबाला आणले, कारण तसे केले नाही तर खालच्या ट्रेंवरचा वाढीव दाबच तापमान वाढवतो आणि वेगळेपण झाल्याचा भास होतो.

रचनेप्रमाणे आठव्या ट्रेवर ७५ अंश सेल्सिअस, पहिल्या ट्रेवर ९४ आणि रिबॉयलरमध्ये ९८ ते ९९ असे एकोणीस-वीस अंश आठ ट्रेंत पसरलेले असायला हवे होते. प्रत्यक्षात आठव्या ट्रेवर ८३, पाचव्यावर ९२ आणि मग चौथा, तिसरा, दुसरा, पहिला या चारही ट्रेंवर ९२ ते ९३ एवढेच. त्यानंतर एकदम रिबॉयलरमध्ये ९८. कागदावर बिंदू जोडले तेव्हा खालच्या चार ट्रेंची रेषा आडवी पडली होती. त्या चार ट्रेंवर मिश्रण बदलतच नव्हते.

पाझर की मोडतोड

आता दोन शक्यता होत्या. पहिली वीपिंगची, म्हणजे ट्रेच्या छिद्रांतून द्रव पाझरण्याची. फीड ६० टक्क्यांवर आल्यामुळे वाफेचा वेग घटला होता. छिद्रातून वर येणारी वाफ पुरेशा जोराने आली नाही तर ट्रेवरचा द्रव डाउनकमरकडे, म्हणजे खालच्या ट्रेवर नेणाऱ्या वाटेकडे, न जाता छिद्रांतूनच खाली गळतो आणि वाफेशी त्याचा संपर्क अर्धवट राहतो. किमान वेग किती हवा, हे एदलजी यांच्या सूत्राने काढता येते. त्यात छिद्राचा व्यास, ट्रेच्या कडेच्या बांधाने अडवलेल्या द्रवाची उंची आणि वाफेची घनता लागते. या ट्रेंना ५ मिलिमीटरची छिद्रे आहेत, छिद्रांचे क्षेत्र ट्रेच्या कार्यकारी क्षेत्राच्या ६ टक्के आहे आणि बांधाची उंची ५० मिलिमीटर.

हिशेबातून एक गोष्ट पुढे आली, जी या प्रकरणातली मला सर्वांत शिकवणारी वाटते. वरच्या विभागातली वाफ मुख्यतः मिथेनॉलची, म्हणून जड असते. घनमीटरला सुमारे १.१५ किलो. तळाची वाफ मुख्यतः पाण्याची असते, तिथला दाब अधिक असूनही ती घनमीटरला ०.७३ किलोच भरते. हलकी वाफ त्याच वेगाने आली तरी तिचा उचल देणारा जोर कमी पडतो. म्हणून किमान वेग वर सेकंदाला ११ मीटर पुरतो, तळाला १४ मीटर लागतो. शिवाय फीड आठव्या ट्रेवर पडत असल्याने खालच्या ट्रेंवरून मोलच्या हिशेबाने वरच्यापेक्षा कितीतरी अधिक द्रव वाहतो. चालू स्थितीत, ६० टक्के फीड आणि १.६ रिफ्लक्सला, छिद्रांतला वेग वर साडेतेरा मीटर आणि तळाला १२ मीटर येत होता. म्हणजे वरचे ट्रे सुरक्षित होते आणि खालचे आठही पाझरत होते. एकाच कॉलममध्ये, एकाच प्रकारच्या ट्रेंवर, एकाच क्षणी.

पाझरामुळे कार्यक्षमता घटते हे खरे, पण किमान वेगाच्या थोडेसे खाली गेल्याने ट्रे एकदम निकामी होत नाही. थोडा पाझर असलेले ट्रे बऱ्यापैकी काम करत राहतात. बारा टक्के आणि चार ट्रेंची आडवी रेषा केवळ पाझराने समजावता येत नव्हती. पाझर झाला असता तर आठही ट्रेंवर सारखा उतार, फक्त कमी, दिसला असता. म्हणून दुसरी शक्यता: खालच्या चार ट्रेंचे पत्रे जागेवर नाहीत.

दोन्हींचा निवाडा करायला भार बदलून पाहणे हा सोपा प्रयोग होता. पाझर वाफेच्या वेगावर अवलंबून असतो. निखळलेला पत्रा वेग वाढला म्हणून परत जागेवर बसत नाही. साठवण टाकीत काही दिवस फीड जमवून ते ६० वरून ८० टक्क्यांवर नेले, रिफ्लक्स गुणोत्तर १.६ वरच ठेवले आणि वाफ त्या प्रमाणात वाढवली. वाफेचा भार रचनेच्या ७१ टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेला, म्हणजे तळाचा वेग पाझराच्या मर्यादेच्या वर गेला. स्थिर व्हायला पाच तास दिले आणि मग नमुने घेतले. प्रयोगाआधीच कागदावर लिहून ठेवले होते: नुसता पाझर असेल तर खालच्या विभागाची कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या जवळ परत यावी, नुसती मोडतोड असेल तर ती हलू नये.

ती २० टक्क्यांवर आली. तळाच्या पाण्यातले मिथेनॉल निम्म्याहून खाली गेले, वरचा विभाग ४४ वरच राहिला. दोन्ही दोष एकाच वेळी होते. हिशेबही जुळत होता: चार ट्रे नाहीतच असे धरले आणि उरलेल्या चारांना पाझराविना ४१ टक्के दिले, तर आठांची सरासरी वीस येते, पाझर असताना त्या चारांचे काम २५ टक्क्यांवर उतरते असे धरले, तर सरासरी बारा-तेरा येते.

शेवटची खूण दाबफरकाची. फीडजवळच्या आणि तळाच्या नोझलांना पारदर्शक नळीचा पाण्याचा यू-मॅनोमीटर जोडला; मिथेनॉलची वाफ नळीत निवून द्रव होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी नायट्रोजनचा बारीक झोत सोडला. आठ शाबूत ट्रेंनी त्या भाराला ६५० मिलिमीटर जलस्तंभाच्या आसपास दाबफरक दाखवायला हवा होता. नळीतल्या पाण्याच्या दोन पातळ्यांमध्ये ३५० मिलिमीटरचे अंतर होते. मी ते अंतर मोजपट्टीने तीनदा मोजले.

कॉलम उघडल्यावर

यानंतर बंदची मागणी करणे सोपे झाले, कारण कोणता मॅनहोल उघडायचा आणि आत काय सापडेल हे लिहून देता आले. कॉलम रिकामा करून वाफेने धुतला, नायट्रोजनने मिथेनॉल हाकलले, मग हवा फिरवून प्राणवायूचे प्रमाण आणि ज्वलनशील वाफेचे मोजमाप झाल्यावरच बंदिस्त जागेत प्रवेशाचा परवाना घेतला. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही, त्यामुळे या पायऱ्यांत घाई चालत नाही.

पहिल्या ते चौथ्या ट्रेच्या मधल्या मॅनवे-पट्ट्या, म्हणजे माणसाला आत जाता यावे म्हणून काढता येणारे ट्रेचे पत्रे, जागेवर नव्हत्या. एक पट्टी पहिल्या ट्रेच्या डाउनकमरशेजारी आडवी पडली होती, दुसरी वरच्या ट्रेच्या आधारकड्याला टेकून उभी होती. पट्ट्या धरून ठेवणाऱ्या क्लिपा वरच्या दिशेने वाकलेल्या होत्या. हा तपशील महत्त्वाचा आहे. वजनाने किंवा गंजाने पट्टी पडली असती तर क्लिपा खालच्या बाजूला वाकल्या किंवा झिजल्या असत्या. वर वाकलेल्या क्लिपा खालून आलेला जबर धक्का सांगतात. पाचव्या ट्रेपासून पुढे सर्व शाबूत होते आणि छिद्रांत साक्याचा मागमूस नव्हता.

धक्का कुठून आला, हे देखभालीनंतर कॉलम सुरू केल्याच्या रात्रीच्या नोंदीत होते. तळाची पातळी सुमारे चार तास सलग १०० टक्के दाखवत होती. १०० हे पातळीचे माप नसते. पातळी उपकरणाच्या टप्प्याच्या वर गेली आहे एवढाच त्याचा अर्थ. पाण्याने धुतल्यावर तळ पुरता रिकामा न करता वाफ उघडली गेली होती. रिबॉयलरची परतनळी द्रवाखाली बुडालेली असताना वाफ जोरात आली की ती द्रवाचा गोळा वर फेकते आणि तो सर्वांत खालच्या ट्रेंवर आदळतो. त्या पाळीतल्या कोणाला दोष देण्याचे कारण नाही; सुरुवातीच्या कार्यपद्धतीत तळाची पातळी किती असताना वाफ उघडावी हे लिहिलेलेच नव्हते. आता तिथे आकडा आहे, आणि पातळी १०० वर अडकली तर वाफेचा व्हॉल्व्ह उघडत नाही.

दुरुस्ती

चार ट्रेंच्या पट्ट्या नव्या क्लिपा आणि दुहेरी नटांसह बसवल्या. एवढ्याने अर्धाच दोष गेला असता, कारण फीड ६० टक्क्यांवरच राहणार होते आणि रिफ्लक्स खाली आणला की वाफ आणखी कमी होऊन पाझर वाढणार होता. खालच्या आठ ट्रेंवरच्या छिद्रांच्या साधारण तीस टक्के ओळी स्टीलच्या पट्ट्यांनी बंद केल्या. पट्ट्या बोल्टने लावल्या आहेत, भार वाढला तर काढता येतील. वेग त्यामुळे कमी भारालाही १४ मीटरच्या वर राहतो. वरच्या चोवीस ट्रेंना हात लावला नाही. तिथे वेग मर्यादेच्या किंचित वर आहे, आणि जिथे दोष दिसला नाही तिथे छिद्रे बुजवण्याला माझा विरोध होता. पूर्ण भाराला या पट्ट्यांमुळे प्रत्येक ट्रेवर साधारण १५ मिलिमीटरचा जादा दाबफरक पडेल. तो डाउनकमरमधल्या द्रवाच्या उंचीत सामावतो, हे ट्रेमधले ४५० मिलिमीटरचे अंतर धरून तपासले.

सुरू केल्यानंतर दोन आठवड्यांत रिफ्लक्स, दुरुस्त केलेल्या रोटामीटरवर, १.२५ वर स्थिर झाला. फीड-ट्रेवर मोलने ३७ टक्के मिथेनॉल आणि खालच्या आठ ट्रेंवर पुन्हा अठरा अंशांचा उतार दिसू लागला. संपूर्ण कॉलमची कार्यक्षमता ४२ टक्के निघते. वाफ दर किलोला १.३५ किलोवर आली, १.३ पर्यंत ती का आली नाही, असे व्यवस्थापनाने विचारले. त्याचे कारण ट्रेंमध्ये नाही. कॉलमच्या भिंतीतून आणि नळ्यांतून जाणारी उष्णता भार कमी झाला म्हणून कमी होत नाही, आणि उत्पादन कमी असले की तिचा वाटा प्रत्येक किलोवर अधिक पडतो. पृष्ठतापमानासाठी कापलेल्या खिडक्यांना आता झाकणे बसवली आहेत. नोंदवहीत कार्यक्षमतेचा रकाना एकच होता, तिथे आता ‘फीडच्या वर’ आणि ‘फीडच्या खाली’ असे दोन रकाने आहेत, आणि आठ ट्रेंचा दाबफरक प्रत्येक पाळीत लिहिला जातो. डीपी कमी असल्याचे समाधान व्यक्त करणारे तेच ज्येष्ठ ऑपरेटर तो आकडा आता नवीन मुलांकडून स्वतः उभे राहून वाचून घेतात, आणि ६० टक्के भाराला तो ५०० मिलिमीटरच्या खाली दिसला तर मला फोन करतात.